बर्फावरचं कोलॅजन

मशीनमधला शेवटचा बर्फ एका माणसाने नेला आणि स्वतःच्या बोटावर लावून बसला... अशी आमची पहिली भेट.

व्हरांड्याच्या टोकाचं ते मशीन म्हणजे आमच्या सबंध मजल्याचं लाडावलेलं बाळ. मनात आलं तर बादलीभर बर्फ देणार, नाही तर तासभर नुसतं घुरघुरणार. त्या मंगळवारी सकाळी मी माझी निळी बादली घेऊन गेले, झाकण उघडलं, तर आत नुसतं पाणी. शेजारच्या बाकावर एक उंच माणूस डाव्या हाताचं बोट बर्फाच्या भांड्यात खुपसून बसला होता. कोटाची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. म्हणजे पाहुणा.

"हा बर्फ बोटांसाठी नसतो," मी म्हटलं.

"मग कशासाठी?"

"कोलॅजनसाठी."

त्याने मान वर केली. "त्याला कुठे लागलं?"

खरं तर मला हसू आलं होतं. पण अकरा वर्षं खपून मी या मजल्यावर कडक बाई म्हणून नाव कमावलंय, ते एका बाकावरच्या माणसापायी घालवायचं नव्हतं. मी बादली पुढे केली. त्याने मुकाट्याने भांडं तिच्यात रिकामं केलं आणि बोट खिशात लपवलं. ते दारात चेमटलं होतं, हे मला नंतर कळलं. चार पावलं गेल्यावर माझे पाय आपोआप वळले. दोन तुकडे त्याच्या हातावर ठेवले आणि निघून आले.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. शरीरातल्या पेशी आम्ही प्लास्टिकच्या बशांमध्ये वाढवतो. काही पेशी कुठेही राहतात, द्याल ते खातात. यकृताच्या पेशींचे मात्र नखरे फार. नुसत्या प्लास्टिकवर टाकल्या तर त्या तरंगत राहतात आणि दोन दिवसांत मरतात. त्यांना खाली अंथरूण लागतं, आणि ते अंथरूण कोलॅजनचं. आपली कातडी, हाडं, स्नायू ज्या धाग्यांनी धरून ठेवलेले असतात, तेच हे. आमच्याकडे ते उंदराच्या शेपटीतून काढलेलं, सौम्य आम्लात विरघळवलेलं, बाटलीत येतं. आम्लात आणि थंडीत आहे तोवर पातळ राहतं. त्यात आम्लता दाखवणारा रंग मिसळून अल्कलीचे थेंब सोडले की पिवळा रंग हळूहळू गुलाबी होतो, आणि मग तुमच्या हाती थोडीच मिनिटं उरतात. नळी बर्फात हवी, बुडबुडा येता कामा नये आणि लक्ष इकडेतिकडे जाता कामा नये. वेळेवर बशीत ओतलं, अर्धा तास अंगाएवढ्या उबेत ठेवलं, की मऊ साईसारखा थर धरतो. उशीर झाला तर ते नळीतच घट्ट होतं आणि फेकून द्यावं लागतं. कोलॅजनच्या बाटलीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा आमच्या सरांचा नियम होता. त्या नियमाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

पाहुणा निघाला डॉक्टर. दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयाला यकृताच्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायची होती, म्हणून त्यांनी याला शिकायला पाठवलं होतं. ताज्या पेशी फक्त मंगळवारी मिळत. सलग तीन मंगळवार पेशी नीट बसल्या की सर त्याला काम शिकल्याचं पत्र देणार आणि तो परत जाणार, असं ठरलेलं. म्हणजे थर दिलेल्या बशा, आमच्या भाषेत प्लेट्स, माझ्या आणि पेशी त्याच्या. दोन्ही चांगल्या झाल्या की माणूस गेला. हा हिशोब मला पहिल्याच आठवड्यात कळला होता, पण तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

प्लेट्स न्यायला शिपाई येत असे. पाहुणा स्वतः यायला लागला. आधी वेळेवर यायचा, मग दहा मिनिटं आधी, मग अर्धा तास आधी. माझ्या मागच्या स्टुलावर बसून मी थेंब कसे सोडते ते बघत राहायचा. बघतोय हे मला पाठीला कळायचं. एकदा म्हणाला, तुम्हाला बर्फवाली म्हणतात ते कामामुळे की स्वभावामुळे? मला असं कुणीच म्हणत नाही, मी सांगितलं. तो म्हणाला, मग आजपासून म्हणतील. आणि खरंच म्हणायला लागले, कारण दुपारपर्यंत त्याने ते सगळ्या मजल्यावर पसरवलं होतं.

शेजारच्या टेबलावर ताई बसत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, डोळ्यांवर जाड चष्मा, पण नजर घारीची. प्लेट्स तर शिपाईही नेतो, मग डॉक्टरसाहेब ताकाला येऊन भांडं का लपवतात, असं त्यांनी एका सकाळी हवेला विचारलं. हवेने उत्तर दिलं नाही. पाहुणा मात्र कानापर्यंत लाल झाला, आणि मी उगाचच नळ्या मोजत बसले.

पहिले सहा आठवडे पेशी बसेनात. दोष माझ्या थराचा नव्हता, त्याच्या हाताचा होता. यकृताच्या तुकड्यातून पेशी सोडवताना तो घाई करायचा, आणि त्या अर्धमेल्या होऊनच बशीत यायच्या. तो चिडायचा नाही. नुसता गप्प होऊन खिडकीपाशी उभा राहायचा, आणि मला वाटायचं, आता याच्या पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. त्याऐवजी रागावले. म्हटलं, मूल अंथरुणातून उठवताना गदागदा हलवतात का? पुढच्या मंगळवारी त्याने इतक्या हळुवारपणे ढवळलं की माझाच श्वास अडकला.

त्या दिवशी संध्याकाळी तो धावत आला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेला. पेशी बसल्या होत्या. एकमेकींना चिकटून, कडा उजळलेल्या... दृष्ट लागण्यासारख्या. खरं सांगायचं तर मला त्यातल्या निम्म्याच दिसल्या. दोन भिंगांमधलं अंतर त्याच्या डोळ्यांच्या मापाचं होतं आणि ते मला हलवावंसं वाटेना. तो खांद्याशी उभा होता, कोटाला साबणाचा वास होता, आणि मी एका डोळ्याने बघत, सगळं दिसतंय, छान आहे, असं सांगत होते.

एक मंगळवार झाला. दुसराही झाला.

तिसऱ्या मंगळवारी मी अल्कलीचे थेंब सोडत होते, नळीत गुलाबी रंग चढायला लागला होता, आणि मागून त्याचा आवाज आला. सोमवारच्या गाडीचं तिकीट बघतोय. सकाळची बरी की दुपारची?

सकाळची बरी, मी म्हटलं. ऊन नसतं.

मग तो काहीतरी बोलत होता. मी ऐकत होते की नाही कोण जाणे. त्याच्या कोटाच्या बाहीवर एक दोरा निघाला होता. आई शिवणकाम करते, म्हणून असले दोरे मला लगेच दिसतात. वाटलं, हा दोरा आता कोण तोडणार. सोमवारनंतर ते स्टूल कुणी बसायला नेलं तर त्यांना काय सांगणार. त्या एका दोऱ्यापासून मी इतकी लांब गेले की नळी बर्फात नसून माझ्या मुठीत आहे, हे मला कळलंच नाही.

ओतायला गेले, तर काहीच आलं नाही.

मी नळी उलटी केली. गुलाबी कोलॅजन जागच्या जागी, घट्ट. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. पाहुण्यानेही पाहिलं. आमच्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अकरा वर्षांत जिच्या हातून एक नळी वाया गेली नव्हती, तिचं लक्ष आज कुठे होतं, ते त्या खोलीत तिघांनाही कळलं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसरी नळी तयार करून थर धरायला तास लागणार होता आणि पेशींना तास नव्हता. त्या संध्याकाळपर्यंत गेल्या. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाटलीतच काही दोष असेल, असं तो सरांना सांगायला निघाला होता. मी त्याच्या आधी गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. परतताना जिन्यात त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. त्याचे वरिष्ठ त्याला फैलावर घेत होते आणि तो नुसतं हो, हो म्हणत होता. मी मुद्दाम केलं होतं का? देवाशपथ नाही. पण ते वाया गेलं तेव्हा मला पुरतं दुःखही झालं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. इमारतीच्या मागे गॅसच्या टाक्या ठेवतात त्या पत्र्याखाली त्याने मला गाठलं. म्हणाला, शिव्या खाल्ल्या पण तीन आठवडे मिळाले, सौदा वाईट नाही. मी हसले. त्याने केसांतलं पाणी झटकलं, एकदा घसा साफ केला, पुन्हा एकदा केला.  आणि मग तो म्हणाला,

"आमच्याकडे या ना. जागा निघतेय. तुमच्यासारखा हात आम्हाला कुठेही मिळणार नाही."

मी वाट पाहिली. पुढे काही येईल म्हणून.

"म्हणजे तुम्हाला हात हवाय," मी म्हटलं.

"हात... आणि..."

"आणि?"

तो पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. "मला नाही सांगता येत. तुमचा विचार केला की प्लेट्स दिसतात, प्लेट्स पाहिल्या की तुम्ही दिसता. वेगळं करता येत नाही मला."

एखादी शहाणी मुलगी एवढ्यावर विरघळली असती. मला मात्र रागाने काही सुचेना. कोलॅजनचं काम येणारी बाई म्हणून मला कुणीही नेईल, अकरा वर्षं मी तेवढ्यासाठीच सगळ्यांना हवी आहे. या एका माणसाकडून मला ते नको होतं. मी म्हटलं, "मग वेगळं करता आलं की सांगा. तोवर मी नोकरी शोधत नाहीये." आणि पावसातून तशीच चालत आत गेले. डोक्यावर घ्यायला हातात फाइल होती, तीही घेतली नाही.

पुढचे तीन मंगळवार मी जशा प्लेट्स केल्या, तशा त्याआधी कधी केल्या नव्हत्या. एकसारखा थर, बुडबुडा नाही, कडेला सुरकुती नाही. हात जरा सैल सोडला असता तर तो आणखी राहिला असता. मनात आलं नाही असं नाही. पण त्याच्या पेशी माझ्यामुळे एकदा मेल्या होत्या, दुसऱ्यांदा मारायचा मला हक्क नव्हता. तो स्टुलावर बसायचा, पण बोलायचा नाही. मी थेंब सोडायचे आणि रंग चढताना बघायचे. तिन्ही वेळा पेशी बसल्या. सरांनी पत्र दिलं.

निघायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी कामात होते, कोपरापर्यंत हात निर्जंतुक कामाच्या काचेच्या कपाटात. त्याने हात पुढे केला. मग माझ्या हातमोज्यांकडे पाहून विचारलं, काढणार नाही का? काम चालू आहे, मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझ्या हातमोज्याच्या पाठीवर दोन बोटं क्षणभर टेकवली. रबरातूनही ऊब लागली. तो गेला. कपाटात त्या वेळी माझं काहीही काम चालू नव्हतं.

मग दिवस जाईनात. बाकीचे वार कसेबसे निघायचे, मंगळवार अंगावर यायचा. नेमकं साडेनऊला मागे स्टूल सरकल्यासारखं वाटायचं आणि मी वळायचे. फोन नाही, निरोप नाही. करणार तरी कसा, अटच अशी घातली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मी करू शकले असते फोन. नंबर पाठ होता. रोज उचलायचे, रोज ठेवायचे, आणि ठेवल्यावर स्वतःला सांगायचे, त्याला प्लेट्स हव्या होत्या, त्या मिळाल्या, विषय संपला. आपण सांगितलेलं आपल्यालाच पटत नसलं की झोप लागत नाही, एवढं मात्र शिकले.

आईच्या सुईत दोरा ओवून देणं हे माझं लहानपणापासूनचं काम. एका रविवारी दोरा तीनदा चुकला तेव्हा तिने सुई हातातून घेतली आणि कोण आहे म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, बर्फापासून पत्र्यापर्यंत. तिने मशीनचं चाक थांबवून ऐकून घेतलं.

"त्याला बोलता आलं नाही म्हणून तू रुसलीस," ती म्हणाली. "तू काय बोललीस त्याला?"

मी काहीच बोलले नव्हते. ती पुन्हा शिवायला लागली. मी उठून आत गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

तो गेल्यापासूनचा अकरावा मंगळवार. मी थेंब सोडत होते, रंग नुकता चढायला लागला होता, आणि टेबलावर फोन वाजला. ताईंनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न विचारता तो माझ्या कानाला लावला.

"बोलता येईल का?" त्याचा आवाज.

"थोडं."

"आमच्याकडे एक मुलगी नेमली. तुम्हाला विचारलं होतं त्या जागेवर."

मी नळी बर्फात घट्ट धरली.

"फार चांगला हात आहे तिचा," तो पुढे म्हणाला. "सलग पाच मंगळवार पेशी बसल्यात. सगळे खूश आहेत."

"छान झालं," मी म्हटलं. आवाज कसा आला ते ताईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे आता प्लेट्ससाठी मला तुझी गरज नाही."

इतक्या महिन्यांत त्याने मला एकदाही तू म्हटलं नव्हतं. आता म्हणायला ही वेळ शोधली होती. मी ओठ चावला.

"हे सांगायला फोन केलात?"

"हो," तो म्हणाला. "वेगळं करता येईना म्हणून तू गेलीस. मी पाच आठवडे करून पाहिलं. रोज समोर चांगल्या प्लेट्स असतात. पेशी मस्त बसतात. काम होतं... आणि मी घरी जातो आणि मला तू हवी असतेस. बर्फाशिवाय, कोलॅजनशिवाय. तू काहीच करत नसलीस तरी."

ताई फोन धरून छताकडे बघत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, आणि त्या धुक्यात मला नळी दिसली. गुलाबी. पुरती गुलाबी.

"थांब," मी म्हटलं. "ओतून घेते."

सहा बशा होत्या. मी एकेकीत ओतलं, सावकाश, कडेने, बुडबुडा येऊ न देता.  ताईंनी फोन या हातातून त्या हातात घेतला आणि मधेच एकदा त्यात डोकावून, आहेत हं अजून, असं मला हळूच सांगितलं. सहावी बशी झाकली. सगळ्या उबेत ठेवल्या. मग हातमोजे काढले, दोन्ही, आणि ताईंच्या हातातून फोन घेतला.

"आहेस का?"

"आहे."

"मलाही तू हवा आहेस. आधीपासून. मी बोलले नाही, माझं चुकलं."

 मग त्याने विचारलं, रविवारी आलो तर चालेल का, आईंना भेटायला.

"ये," मी म्हटलं. "पण नोकरीचं काही बोलायचं नाही. तिकडे यायचं झालं तर माझी मी बघेन."

"नाही बोलणार."

फोन ठेवल्यावर ताईंनी चष्मा काढून पुसला आणि बर्फ आणायला म्हणून बाहेर गेल्या. बादली इथेच राहिली होती. मी उबेच्या कपाटासमोर उभी राहिले आणि काचेतून बशांकडे बघत बसले. थर धरायला अजून अर्धा तास होता, आणि रविवारला पाच दिवस.